बाबांनी बसवलेला गिअर

चढाच्या पायथ्याशी, जिथे ती रोज सायकलवरून उतरायची, तिथे पोचायला अजून दहा-बारा हात होते. तेवढ्यात मागच्या चाकापाशी ‘कट्’ असा आवाज झाला, पेडल एकदम जड झालं आणि पाय सटकून पेडलची दातेरी कड तिच्या नडगीवर बसली. पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, असं मात्र पुढे दोन दिवस तिला वाटत राहिलं. पडलं की माणूस रडून घेतं, कोणीतरी उचलतं, मलम लावतं, आणि विषय संपतो. इथे नुसतीच नडगी सोललेली, कॅरिअरवरच्या पेटीतल्या दुधाच्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणलेल्या, आणि मागे एक तुटकी तार मिशीसारखी वर वळून उभी राहिलेली. तिने वाकून पाहिलं. गिअरची केबल. बाबांनी बसवलेली. “अगं आई गं,” असं तिच्या तोंडून निघालं, ते नडगीसाठी की केबलसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने सायकल हातात धरली आणि रोजच्यासारखा चढ चालत चढायला लागली. चालण्यात आजही काही फरक पडला नव्हता, आणि हीच गोष्ट तिला कुठेतरी बोचली.

कारण, लपवायचं कशाला, अडीच वर्षांत ह्या चढावर ती एकदाही सायकलवर बसून गेली नव्हती. परक्या देशातल्या त्या गावात सायकली घरोघरी होत्या, पण गिअरची एकच, ह्या परदेशी बाईची. सात गिअर. त्यातले पाच लागायचे. उरलेले दोन, म्हणजे चढासाठी जे असतात नेमके तेच, काही केल्या लागायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात तिने अंगठा सुजेपर्यंत हँडलवरचा तो खटका दाबून पाहिला. सकाळी दाबला, संध्याकाळी दाबला, उभं राहून, बसून, शिव्या देऊन दाबला. मग तिने ठरवून टाकलं की आपल्यालाच नीट गिअर टाकता येत नाही. आपला अंगठाच नाजूक. गिअर चुकीचा बसला असेल, हा विचार तिच्या डोक्याच्या आसपासही फिरकला नाही. फिरकणार कसा? त्यांच्या घरात सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवला असता तर चाललं असतं, पण बाबांच्या हातचं काम चुकणं शक्य नव्हतं. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर. शेजाऱ्यांचे मिक्सर, आत्याचं शिवणयंत्र, शाळेची घंटा, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि मुकाट्याने चालायला लागून परत जायचं. “त्या मोटारीकडे बघता तसं एकदा माझ्याकडे बघितलं असतंत तर,” असं आई म्हणायची आणि बाबा डोकं वर न करता म्हणायचे, “तू कुठे बिघडलीस?” अशा माणसाने बसवलेला गिअर लागत नसेल तर दोष कोणाचा, हे उघडच होतं. तेव्हा ती चालायची. गावातल्या बायकांनीही त्याचा आपल्यापुरता उलगडा करून घेतला होता: हिच्या देशात चढ आला की सायकलला दम लागतो म्हणून तिला चालवत नेतात. एकीने तर तिच्या सायकलीच्या सीटवर मायेने थोपटलंसुद्धा होतं.

तिचं काम दुधाचं. गावाच्या वरच्या अंगाला एक दूध संकलनाचं केंद्र होतं, लांबलचक पत्र्याची इमारत, ओली फरशी, आंबूस वास, आणि कोपऱ्यात दोन टेबलांची प्रयोगशाळा. पहाटे लोक कॅन घेऊन यायचे, ती नमुने घ्यायची, फॅट मोजायची, लॅक्टोमीटर सोडून पाण्याची डिग्री बघायची, आणि चार स्थानिक बायकांना तेच शिकवायची. गाव तिला ‘फॅटवाली’ म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने रात्रीची पोळी एक कमी खाल्ली होती, मग कळलं की तो आदर आहे. आता तिथली भाषा तिला इतकी अंगवळणी पडली होती की कानात शिरता शिरता तिचं आपोआप मराठी होऊन जायचं. टेबलाच्या खणात, लॅक्टोमीटरच्या डब्याखाली, केंद्रप्रमुखांनी दिलेलं पत्र होतं. आणखी दोन वर्षं राहणार का, महिनाअखेरीपर्यंत कळवा. महिना संपायला अकरा दिवस होते. तिला राहायचं होतं. खरं म्हणजे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी राहायचं होतं. चाळिशीला टेकलेल्या, लग्नाचा विषय घरच्यांनी थकून सोडून दिलेल्या बाईला असं एखादं गाव मिळावं, जिथे तिची कीव कोणी करत नाही, ही काय लहान गोष्ट आहे? पण बाबा. बाबा हल्ली विसरतात म्हणे. किती, ते कळायला मार्ग नव्हता. आई म्हणायची, “थोडं विसरतात गं. वय झालं. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस.” दादा म्हणायचा, “तू येऊन काय करणार आहेस?” दुधात पाणी किती हे ती दोन मिनिटांत सांगायची, पण आईच्या ह्या वाक्यात किती, हे तिला अडीच वर्षांत मोजता आलं नव्हतं. बाबा नुसते विसराळू झाले असतील तर ती राहू शकत होती. आणि ते तिलाही विसरण्याच्या वाटेवर असतील, तर दोन वर्षांनी ती नेमकी कोणाकडे परत जाणार होती?

दुपारी नमुन्यांचं काम उरकून ती सायकल घेऊन सायकलवाल्याकडे गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर टायर टांगलेले, मोठ्यात छोटे, आणि जमिनीवर धुवून धुवून विरलेलं एक निळं कापड पसरलेलं. सायकलवाला साठीच्या पलीकडचा, हाताने चपळ आणि बोलायला सावकाश. ती त्याला काका म्हणायची, तो तिला बाई म्हणायचा. त्याने सायकल उलटी केली, हाताने चाक फिरवलं, कान देऊन आवाज ऐकला, मग तुटक्या केबलचं टोक दोन बोटांत धरून बराच वेळ बघत बसला.

“हे कोणी बसवलंय?”

“माझ्या वडिलांनी.”

“दुकान आहे त्यांचं?”

“नाही. कारखान्यात फिटर होते. आता रिटायर झालेत.”

“म्हणजे कारागीर.” त्याने हात कापडाला पुसले. “हयात आहेत?”

“अहो, आहेत ना! चांगले आहेत.”

“मग त्यांना विचारून या.”

“काय विचारू?”

“मी सोडवू का म्हणून.”

तिला वाटलं, भाषेत आपणच काहीतरी चुकतोय. पण नाही. पंक्चर असेल, तेल-पाणी असेल तर ते वेगळं, तो म्हणाला. हे मात्र कोणीतरी बसून, जीव लावून जुळवलेलं काम. तसल्या कामाचा माणूस जिवंत असताना त्याला न विचारता ते उसकटायचं नाही, ही त्याच्या उस्तादाची शिस्त. गावातले सुतार-गवंडी असलं काही पाळत नव्हते. ही खोड ह्या एकाच माणसाची.

“काका, ते इथून हजारो मैलांवर आहेत.”

“तुमच्याकडे फोन नाही का?”

ती सायकल तिथेच ठेवून चालत घरी आली. वाटेत तिला हसू येत होतं, पण घर येईपर्यंत ते ओसरलं. विचारायचं म्हणजे सांगायला हवं, की केबल तुटली. केबल तुटली म्हटलं की बाबा विचारणार, कशी तुटली? कुठल्या गिअरला होतीस? आणि तिथून एकेक करत ते त्या चढाच्या दोन गिअरपाशी येऊन पोचणार. अडीच वर्षं ती रोज संध्याकाळी त्यांना सांगत आली होती की गिअर मस्त चालतात. पहिल्यांदा सांगितलं ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा सांगितलं होतं म्हणून. पुढे पुढे तर ते ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ यासारखं झालं, त्यात खरंखोटं कोण बघतं? पण बाबांकडे हल्ली विचारायला तेवढंच उरलं होतं. आधी ते इथल्या दुधाबद्दल विचारायचे, यंत्रांबद्दल, केंद्राच्या जनरेटरबद्दल तर तासभर. हळूहळू एकेक विषय गळून पडला आणि हा एक राहिला.

संध्याकाळी फोन आईने घेतला. “आज काय गंमत झाली माहितीये? दोनदा आंघोळ केली ह्यांनी. तिसऱ्यांदा टॉवेल घेऊन निघाले तेव्हा म्हटलं, अहो झाली ना आंघोळ? तर म्हणतात, असं? मग केस ओले का नाहीत?” आई हसली. तीही हसली. दोघींचं हसणं एकाच वेळी संपलं. “चेष्टा करतात गं,” आई म्हणाली, “तुला माहितीये ना त्यांचा स्वभाव.” मग फोन बाबांकडे गेला.

“भिंगरे, गिअर चालतात ना?”

“चालतात बाबा. एकदम मस्त.”

“चढावर?”

“चढावर तर विचारूच नका.”

“हं,” बाबा म्हणाले. ह्या ‘हं’नंतर रोज एक छोटी शांतता पसरायची, आणि ती तिने आजवर समाधानाची धरली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, फोन ठेवू नये, ती शांतता जरा वेळ ऐकावी. पण तेवढ्यात आईने फोन घेतला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नडगी ठणकत होती, आणि आपण किती सहज खोटं बोलतो, जीभ अडखळतसुद्धा नाही, याचं तिला नवल वाटत होतं. लहानपणी खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. बाबा नुसते कानांकडे बघायचे आणि म्हणायचे, “बरं, आता खरं सांग.” फोनवर कान दिसत नाहीत. परदेशाचा तेवढा एक फायदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली आणि म्हणाली, “विचारलं. हो म्हणाले.” सायकलवाल्याने मान डोलावली, निळं कापड झटकलं आणि कामाला लागला. एकेक नट काढायचा, पुसायचा, काढला त्या क्रमाने कापडावर मांडायचा. ती शेजारी पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसली होती. बाबाही असेच मांडायचे, जुन्या धोतरावर. तिला एकदम बरं वाटलं, की चला, काम योग्य माणसाच्या हातात पडलं. आणि तेवढ्यात त्याचा हात थांबला. तो मागच्या चाकाजवळ गेला, गुडघ्यावर बसला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक लावून बघत राहिला.

“काय म्हणाले वडील नक्की?”

“म्हणाले... करा.”

“आणखी काही नाही बोलले?”

“नाही. का?”

“ह्या दोन चकत्या बघा.” त्याने चाकाजवळच्या सात दातेरी चकत्यांमधल्या सगळ्यांत मोठ्या दोन बोटाने दाखवल्या. बाकीच्या पाचांचे दाते झिजून काळवंडले होते. ह्या दोन अशा चकचकीत, की दुकानातून आज आणल्यासारख्या. “ह्यांना चेन कधी शिवलेलीच नाही. आता हे बघा. चेन इकडून तिकडे ढकलणारा हा हात. त्याला दोन बारीक स्क्रू. एक सांगतो, बाहेर इतकंच जायचं. दुसरा सांगतो, आत इतकंच. हा आतला पार तळापर्यंत पिळलाय, आणि बाहेरचा मोकळाच सोडलाय. एकाचं काम दुसऱ्यावर केलंय. हात पुढे जाणार कसा? तुम्ही खटका दाबत राहिलात, तार ओढ खात राहिली, अन् काल तुटली.”

“म्हणजे माझा अंगठा...” ती म्हणाली आणि थांबली.

“तुमच्या अंगठ्याला काही झालेलं नाही.” त्याने केबलचं टोक पुन्हा बोटांत धरलं. मग म्हणाला, “बाई, अडाण्याचं काम असं नसतं. केबलचं हे टोक कसं बंद केलंय बघा. चेनची कडी जोडलेली कुठे ते मला शोधून सापडली नाही. हात एकदम पक्का आहे. पण इथे,” त्याने स्क्रूच्या डोक्यावर नख ठेवलं. दोन्ही डोक्यांवरच्या खाचा फाटल्या होत्या, कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या, आजूबाजूच्या धातूवर ओरखडेच ओरखडे. “इथे हा माणूस फार वेळ बसला होता. फिरवलाय, सोडलाय, पुन्हा फिरवलाय. स्क्रू ड्रायव्हर सटकलाय. कुठला स्क्रू कशाचा, हेच त्याला आठवत नव्हतं.”

फार वेळ बसला होता. हो. ती निघायच्या आदल्या दिवशी बाबा जेवून जे गॅलरीत बसले ते दिवे लावायची वेळ होईपर्यंत. आईने चहा नेऊन ठेवला, तो निवला, दुसरा नेला, तोही निवला. आई म्हणाली, “आज काय तपश्चर्या चाललीये का?” आणि आतल्या खोलीत बॅग भरता भरता ती दाराच्या फटीतून मधूनमधून बघत होती. बाबांची पाठ. पाठीवरचा बनियनचा घाम. एकदा तिने पाहिलं, बाबा हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे नुसते बघत बसले होते, जसं कोणी अनोळखी गावात उतरल्यावर हातातल्या पत्त्याकडे बघतं. मुलगी जातेय म्हणून मन लागत नाहीये त्यांचं, तिला वाटलं, काम लांबवतायत, संपलं की सायकल खोक्यात जाणार, मग मी जाणार. किती गोड वाटलं होतं तिला ते. विमानात बसल्यावरही तिने ते चित्र चार-चारदा काढून पाहिलं होतं: बाबा, गॅलरी, न संपणारं काम. इथल्या बायकांना तिने ती गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि त्यांनी डोळे पुसले होते. आणि ती पाठ खरं म्हणजे घाबरलेल्या माणसाची होती. छत्तीस वर्षं जे हात न बघता काम करत होते, ते त्या दुपारी दोन स्क्रूंपाशी येऊन अडले होते, आणि घरात दोन बायका असताना तो माणूस त्या गॅलरीत एकटाच पडला होता. तिने तर पाहिलं होतं. आईने नाही, दादाने नाही, तिनेच. तिने ते पाहिलं आणि त्याला प्रेम म्हणून टाकलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं, आणि प्रेम म्हटलं की विमान पकडता येत होतं. अंगठ्याचंही तसंच. दुधाचा एक नमुना जरा वेगळा लागला तर तिसऱ्यांदा तपासणारी बाई ती. अडीच वर्षं दोन गिअर लागत नाहीत आणि तिला शंका येत नाही? शंका घेतली असती तर तिला बाबांवर घ्यावी लागली असती. म्हणून तिने ती अंगठ्यावर घेतली आणि रोज सायकल ढकलत चढ चढत राहिली. म्हणजे हे काही हल्लीचं नव्हतं. आई म्हणते तसं ‘थोडं’ नव्हतं. ती घरातून निघाली तेव्हाच हे सुरू झालेलं होतं, आणि त्यातली अडीच वर्षं तिने इथे फॅट मोजण्यात घालवली होती.

“तुम्ही विचारलंच नाहीत ना त्यांना?” सायकलवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता.

“नाही.”

“मला वाटलंच. ज्याने हे केलं तो नुसतं ‘करा’ म्हणणार नाही.” त्याने पाना कापडावर ठेवला. “आता विचारा. मी आत चहा टाकतो.”

“काका, ते आजारी आहेत हो. त्यांना कसं सांगू की तुमचं काम चुकलं? त्यांच्याकडे तेवढं एकच उरलंय.”

“मी असतो तर मला ऐकायचं असतं,” तो म्हणाला आणि आत गेला.

ती फोन हातात घेऊन बसून राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. रस्त्यावरून कोणी ओळखीचं गेलं, त्याने हात केला, तिनेही केला. मग तिने नंबर लावला, आणि लावल्या लावल्या कापून टाकावा असं वाटेपर्यंत आईने उचलला.

“ह्या वेळेला? काय गं, काय झालं? बरी आहेस ना?”

“मला काही झालं नाही. बाबांना दे.”

“अगं, पण काय...”

“आई, दे ना.”

फोन हातातून हातात गेला. बाबांचा श्वास ऐकू आला, आणि मग रोजचंच, “भिंगरे, गिअर चालतात ना?”

“नाही बाबा,” ती म्हणाली. “चालत नाहीत.” ती भराभर बोलत सुटली. “चढाचे दोन लागतच नाहीत. पहिल्यापासून लागत नाहीत. तुम्ही बसवताना चुकलं ते. मी तुमच्याशी खोटं बोलत होते. काल केबल तुटली. इथले सायकलवाले म्हणतात, तुम्हाला विचारल्याशिवाय ते सोडवणार नाहीत.”

मागून आईचं दबक्या आवाजातलं, “काय म्हणतेय? काय झालं?” तिने डोळे मिटून घेतले. लागलं त्यांना, तिला वाटलं, नको होतं बोलायला, अडीच वर्षं सांभाळलं ते एका मिनिटात...

“कुठला पिळलाय?” बाबांनी विचारलं. “आतला का?”

“अं?”

“स्क्रू. दोन असतात त्याला. आतला तळापर्यंत पिळलाय का?”

“हो.”

“बाहेरचा मोकळा?”

“हो बाबा.”

बाबांनी जोरात श्वास सोडला. “म्हणजे बरोबर,” ते म्हणाले. “मला तसंच आठवत होतं.”

तिला काही उमगेना. बाबा बोलत राहिले, सलग, कितीतरी दिवसांत बोलले नव्हते इतकं. “त्या दिवशी मला समजेचना बघ, कुठला कुठला ते. आत्ता कळायचं, स्क्रू ड्रायव्हर लावला की जायचं. किती वेळ बसलो. हिला तेव्हा म्हणालो नाही. तुला काय सांगणार, तुझ्या बॅगा भरून झालेल्या. सांगितलं असतं तर गेली असतीस?”

“नाही.”

“म्हणून दिला तसाच बांधून. म्हटलं, तिथे गेल्यावर सांगेल, बाबा, चुकलंय. मग मी सांगेन, अमुक कर, तमुक फिरव. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं, कसं फिरवायचं ते, पुस्तकात बघून. रोज विचारत होतो. तू म्हणायचीस, मस्त चालतात. मग मला वाटायला लागलं, की आपणच चुकतोय. चांगला बसवला असणार आपण. आपल्याला नाही ते आठवतंय. लोक म्हणतात ना मला, असं झालंच नव्हतं, तुम्हाला भास होतो. तर म्हटलं, हेही त्यातलंच.”

तिने तोंडावर हात दाबून धरला. सायकलवाला चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आला होता, तो तिच्याकडे बघून तसाच उंबऱ्यात उभा राहिला.

“बाबा, मी फार चुकले हो.”

“अगं, रडतेस कशाला? बरं झालं की! म्हणजे ते मला नीट आठवत होतं.” त्यांच्या आवाजात खरोखर आनंद होता, एखाद्या नापास होता होता राहिलेल्या मुलासारखा. पलीकडे ते आईला सांगत होते, “अगं ऐकलंस का, चुकलंच होतं ते! मी म्हणत नव्हतो?” मग पुन्हा फोनवर आले. “सोडव म्हणावं त्याला. बिनधास्त सोडव म्हणावं. माणूस चांगला दिसतोय.”

“चांगला आहे.” तिने नाक पुसलं. तिला वाटलं होतं, असा निर्णय घ्यायला रात्री जागाव्या लागतील, मनाचे तुकडे होतील, केंद्रप्रमुखांपुढे काय बोलायचं ते चार वेळा लिहून काढावं लागेल. तसलं काहीच झालं नाही. “बाबा, मी येते तिकडे. कायमची. महिना संपला की निघते.”

“कामाचं काय?”

“चौघींना शिकवलंय मी. त्या करतील.”

ती ‘कशाला येतेस, आम्ही आहोत ना मजेत’ ह्याची वाट बघत होती. अडीच वर्षं दर फोनला हेच यायचं. बाबा म्हणाले, “ये.” आणि मग, “थांब, लिहून घेतो. नाहीतर माझ्या लक्षात राहणार नाही.”

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की जणू किती वर्षांपासून घरात सगळे हे उघड बोलत आले होते. खण उघडल्याचा आवाज आला. पेन चालत नव्हतं, ते त्यांनी कागदावर घासलं. तिने तारीख सांगितली. तारीख, महिना, सकाळची वेळ, एकेक शब्द मोठ्याने म्हणत ते लिहीत होते, शाळेतल्यासारखे.

“लिहिलं,” बाबा म्हणाले. “आणि कोण येणार, तेही लिहून ठेवू ना?”

“हो बाबा,” ती म्हणाली. “तेही लिहा.”